कूलरसमोरची जागा

नवे शतक लागून तीन-चार वर्षे झाली होती. आमच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचे ठरले, त्याला कारणे दोन होती. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

पहिले कारण माझे. मी नागपूरच्या एका दैनिकाचा चंद्रपूरचा वार्ताहर होतो. बातमी हाताने लिहून फॅक्स करायची आणि फोटोचा रोल एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, ही पद्धत बंद होणार असे वरून कळवण्यात आले होते. यापुढे मजकूर टाइप करून आणि फोटो स्कॅन करून ई-मेलने पाठवायचा होता. कार्यालयात एकच मशीन होती आणि तिच्याभोवती आम्ही चौघे असायचो.

दुसरे कारण वडिलांचे. ते कोळसा खाणीत वाइंडिंग इंजिन चालवत. माणसांना खाली नेणारा लोखंडी पिंजरा त्यांच्या हातातल्या दांड्यावर चालत असे. पिंजरा त्यांना दिसत नसे. समोरचा काटा, कानावर येणारी घंटा आणि इंजिनाचा आवाज, एवढ्यावर त्यांनी तीस वर्षे माणसे उतरवली आणि चढवली. निवृत्तीनंतर ते रोज अकरा वाजता वाचनालयात जातो म्हणून बाहेर पडत. प्रत्यक्षात ते वाचनालयासमोरच्या सायबर कॅफेत जातात आणि स्टीअरिंग लावलेल्या मशीनवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळतात, हे आईला शेजारणीकडून कळले.

"साठ वरसाचे झाले अन् पोट्ट्यायसोबत गाडी-गाडी खेळून राह्यले," आई म्हणाली.

"खेळत नाई. चालवतो," वडील म्हणाले.

"मंग पेट्रोल कोन भरते?"

 दुसऱ्या दिवशी वडील वाचनालयातही गेले नाहीत आणि कॅफेतही गेले नाहीत. आठवडाभर घरात बसून राहिले. शेवटी आईनेच मला सांगितले, की मशीन घेतोच आहेस तर यांच्याही उपयोगाची घे.

त्यांची अट एकच होती. चित्र अडखळता कामा नये. "पिंजरा झटक्यानं थांबला तर आतल्या मानसायच्या माना मोडतात, बाबू. झटका नाई पायजे."

एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी द्यायची नाही, हा आमच्या कामाचा नियम होता. तोच मशीनला लावला. तीन ठिकाणी जायचे, प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे, उत्तरे वहीत लिहून घ्यायची.

पहिले ठिकाण नागपुरातले मोठ्या कंपनीचे दालन. मशीन सुंदर होती, पण सीलबंद. आत काही घालायचे असेल तर पेटी उघडावी लागेल आणि पेटी उघडली की वॉरंटी संपली. गेमसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते, ते आत नव्हते. मी त्याबद्दल विचारले तेव्हा विक्रेत्याने कोणासाठी हवे, असे विचारले.

"वडिलांसाठी," मी म्हणालो.

तो हसला. ती थट्टा नाही हे लक्षात आल्यावर त्याने मला माहितीपत्रक दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरे ठिकाण सीताबर्डीतले, सुटे भाग जोडून मशीन तयार करून देणारे. त्यांची यादी तीनही याद्यांत सर्वांत मोठी निघाली. सर्वांत वेगवान प्रोसेसर, जास्त मेमरी, महाग कार्ड. पेटीची एक बाजू पारदर्शक काचेसारखी, आत निळे दिवे, चहूबाजूंनी पाच पंखे. पंख्यांमुळे मशीन कायम थंड राहील, असे मालकाने सांगितले. वहीत त्या पानावर मी बरोबरची खूण केली होती. ठरल्यासारखेच होते.

तिसरे ठिकाण चंद्रपुरातच होते. नियम तीनचा होता म्हणून गेलो. एका मुस्लिम कुटुंबाचे हे जुने दुकान. आधी रेडिओ दुरुस्ती, मग विजेच्या मोटारींना तार गुंडाळून देणे, मग टीव्ही. मालकांना सगळे चाचा म्हणत, ते काउंटरवर बसत. त्यांची मुलगी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन दोन वर्षांपूर्वी परत आली होती आणि आतल्या टेबलावर काम करत होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल.

मी वही उघडून प्रश्न वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या प्रश्नावर ती आतून बाहेर आली.

"भाऊ, आधी मले सांगा, ठेवाल कुठी?"

हा प्रश्न नागपुरात कोणी विचारला नव्हता. मधल्या खोलीत, मी म्हणालो.

"खिडकी कोणत्या बाजूले? गल्लीतून कोयशाचे ट्रक जातात काय? कूलर कुठी बसवता?"

तिने एक जुने कार्डबोर्ड घेतले आणि माझ्याकडून खोलीचा नकाशा काढून घेतला. खिडकी पश्चिमेला. गल्लीच्या तोंडाशी कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेली जागा संध्याकाळी बोटाला काळी लागायची, हेही मी सांगितले, वडिलांची झटक्याची अटही सांगितली. मग तिने सीताबर्डीची यादी मागितली आणि माझ्या देखत तिच्यावर काट मारायला लागली. प्रोसेसर एक पायरी खालचा, कारण वरचा फार तापतो. त्यावर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा मात्र मोठा आणि जड. पाचपैकी चार पंखे बाद.

"पंखे काऊन कमी करता?" मी विचारले.

"पंखा हवा ओढते तशी कोयशाची भुकटीबी ओढते. पाच तोंडं उघडी ठेवली तर पाच तोंडांतून खाईन." पेटी साधी, बंद. हवा आत यायला समोर एकच जागा आणि तिच्यामागे मलमलच्या फडक्याची जाळी, जी मुलगी स्वतः शिवणार होती. ग्राफिक्स कार्ड तिने यादीतले होते तेच ठेवले. "काकायची अट बरोबर आहे. तिथं कमी करायचं नाई."

"कागदावर नागपूरची मशीन मोठी दिसते," मी म्हणालो.

"डिसेंबरात तर कोणतीबी चालते, भाऊ. मे महिन्यात चालली पायजे."

चाचा इतका वेळ काउंटरवरून ऐकत होते. आता म्हणाले, "पत्रकारभाऊ, तुमच्यापासून लपवत नाई. हिची ही पयलीच मशीन राहीन. आतापर्यंत दुसऱ्यायच्या खोलल्या, आपली एकबी बनवली नाई. माझं तर म्हणणं होतं का नागपूरहून तयार मशीन आणाव्या अन् विकाव्या."

"अन् मी काय करू? फोन उचलू?" मुलगी म्हणाली.

"काऊन, फोन उचलणं वाईट आहे?"

दोघांमधला हा वाद त्या दिवसाचा नव्हता, हे दिसत होते. चाचांनी तिथेच, माझ्यासमोर, निकाल लावला. ही मशीन नवतपा संपेपर्यंत दुरुस्तीसाठी परत आली नाही, तर पुढच्या सगळ्या मशीन तिच्या हातच्या, भाग निवडण्यापासून जोडण्यापर्यंत. परत आली, तर नागपूरहून तयार मशीन येतील आणि आतले टेबल उचलले जाईल.

मेच्या अखेरीस नऊ दिवस सूर्य डोक्यावर उभा राहतो, त्याला आमच्याकडे नवतपा म्हणतात. त्या दिवसांत चंद्रपुरात दुपारी रस्त्यावर कोणी दिसत नाही.

"नवतपाच काऊन, अब्बा?" ती म्हणाली.

"तूच म्हणते ना, मे महिन्यात चालली पायजे?"

मी वहीतली आधीची खूण खोडली आणि चंद्रपूरच्या पानावर केली.

मशीन फेब्रुवारीत सायकल रिक्षातून आली. मुलगी सोबत आली. तिने मधल्या खोलीत वितीने मोजून जागा ठरवली. आतली भिंत, खिडकीतून येणाऱ्या ऊन-धुळीपासून दूर, जमिनीपासून वर टेबलावर. निघताना तिने आईला सांगितले, "काकू, कूलर लावाल तवा त्याची हवा याच्यावर नको." आईने मान डोलावली. मीही ऐकले.

वडील स्टीअरिंगसमोर बसले. पहिली शर्यत त्यांनी शेवटून दुसऱ्या क्रमांकाने संपवली. चेहऱ्यावर काही दिसले नाही. उठले, पेटीला कान लावला, थोडा वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, "सुरात आहे."

मार्च नीट गेला. सकाळी मी बातम्या टाइप करायचो, दुपारी एक ते चार वडिलांची वेळ. ते त्याला ड्युटी म्हणत. पोळ्या लाटून झाल्या की आईही कधी कधी मागे उभी राहून पाहत असे आणि वळणावर गाडी आपटली की "आँ!" म्हणत असे.

एप्रिलमध्ये कूलर निघाला. आमच्याकडे कूलरसमोरची जागा घरातल्या माणसांची नसते. पाहुणा आला की त्याला तिथे बसवतात. खुर्ची सरकवून, हवा थेट अंगावर येईल अशी. पाणी नंतर, आधी ती जागा. पाहुण्याला दुसरीकडे बसवणे म्हणजे तू लवकर जा, असे सांगणे.

त्या आठवड्यात मी सिरोंचाला होतो. चार दिवसांनी परत आलो तेव्हा मधल्या खोलीची मांडणी बदललेली होती. कॉम्प्युटरचे टेबल कूलरसमोर होते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली, गार हवा सरळ पेटीच्या तोंडावर जात होती.

"बिचारं गरम होते," आई म्हणाली. "दिवसभर राबते. त्याले पयले हवा पायजे."

मुलीने काय सांगितले होते ते मला आठवत होते. तरीही मी काही बोललो नाही. पेटीला हात लावून पाहिला तर ती खरोखर गार होती. तपासायचे होते ते हाताने तपासून झाले, असे मला वाटले. पत्रकाराने ज्या चुका करू नयेत त्यातली ही एक होती.

मेच्या मध्यावर, एका दुपारी, वडिलांची गाडी चौथ्या फेरीत पहिल्या क्रमांकावर असताना मशीन आपोआप बंद पडली. थोड्या वेळाने सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मग रोज, दोनच्या सुमारास. एकदा तेंदूपत्ता संकलनावरची माझी बातमी जवळजवळ पूर्ण झाली होती, तीही गेली. मला ती नागपूरला फोनवर सांगावी लागली. कार्यालयातला सहकारी म्हणाला, "काय, घरची मशीन गेली काय? तरी म्हटलं होतं, कंपनीची घे. उचल अन् त्या दुकानात नेऊन टाक."

नवतपा लागायला दोन दिवस होते.

वडिलांनी पेटीला कान लावला. "पंखा दमला आहे," ते म्हणाले. "भार ओढल्यासारखा वाजून राह्यला. मोटर बिघडली नाई. कायतरी वजन आलं."

मी मशीन उचलली नाही. एकटाच दुकानात गेलो. मुलगी एकटी भेटली असती तर बरे झाले असते, पण चाचा काउंटरवरच होते. मी जे होते ते सांगितले. मशीन बंद पडते, रोज पडते, दुपारी पडते.

"आणा मंग," चाचा म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

"आणू नका. मी येते," मुलगी म्हणाली.

"घरी जाऊन दुरुस्त केली तं काय फरक पडला? परत आल्यासारखीच झाली."

"आधी पाहू तं द्या, अब्बा! कोनाची चूक ते तं दिसू द्या."

चाचांनी काउंटरच्या फळीवर बोटे वाजवली. मग दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले. "चाल. मीबी येतो. चूक मशीनची असन तं हरली. कबूल?"

"कबूल."

आम्ही तिघे घरी आलो. मुलगी दारातच थांबली. तिने कूलर पाहिला, टेबल पाहिले, आणि चपला काढून आत आली. पेटीचे स्क्रू काढले. समोरचे झाकण निघाले तेव्हा मलमलचे फडके दिसले. ते फडके राहिले नव्हते. ओल्या हवेने कोळशाची भुकटी त्यावर बसत गेली होती आणि तिचा काळा लेप झाला होता, वाळून कडक झालेला. हवा त्यातून जाणे शक्य नव्हते. काठाकडून जी थोडी घुसली होती, तिने आतल्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्येही तोच लेप भरला होता. बाहेरून गार लागणारी पेटी आतून भाजत होती.

वडील वाकून म्हणाले, "हेच ते वजन."

आई पन्ह्याचे पेले घेऊन आली होती. तिने तो काळा लेप पाहिला आणि ट्रे खाली ठेवला.

"भाऊ, तुमच्या पोरीनं मले सांगतलं होतं," ती चाचांना म्हणाली. "कूलरची हवा नको म्हणून. मीच टेबल फिरवलं. तिची काई चूक नाई."

"मीही पाहिलं होतं. बोललो नाही," मी म्हणालो.

चाचांनी त्या लेपावरून बोट फिरवून पाहिले. मग म्हणाले, "बाई, आमच्या घरीबी पाहुण्याले तिथंच बसवतात." आणि मुलीकडे वळून, "चूक मशीनची नाई. तू सुटली."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मुलीने ती संपू दिली नाही.

"नाई, अब्बा. चूक माझी," ती म्हणाली.

चाचांनी तिच्याकडे पाहिले. "वेडी आहे काय? हे लोक सांगून राह्यले—"

"हे चांगले लोक आहेत म्हणून सांगून राह्यले. चंद्रपुरात कूलरसमोरची जागा कोनी रिकामी ठेवत नाई, हे मले माहीत नव्हतं काय? उद्या दुसऱ्याच्या घरी मशीन गेली तं तिथंबी हेच होईन. दर घरी जाऊन सांगू काय, का काकू, कूलर लावू नका?" तिने काळे फडके उचलून धरले. "अन् हे पाहा. फडकं मी झाकणाच्या आत बसवलं. बाहेरून दिसतच नाई. काकूले कसं समजन का मळलं? दिसलं असतं तं त्यायनं कवाच धुतलं असतं."

"धुतलंच असतं," आई म्हणाली. "इतकं काळं मी घरात ठेवन काय?"

मुलीने आमच्या स्वयंपाकघरातून जुना ब्रश आणि थोडे स्पिरिट मागितले. ठोकळा काढून एकेक पाते साफ केले. पंखा काढून वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटाने फिरवून कानाजवळ धरला आणि मान हलवली. मग तिने झाकणाच्या बाहेरच्या बाजूला चार हूक बसवले आणि आईकडून पांढऱ्या मलमलचे दोन तुकडे घेऊन त्यांना काठ शिवले. एक लावायचा, एक वाळत. फडके आता समोर होते, पांढरे, खोलीत येणाऱ्या कोणालाही दिसेल असे.

टेबल पुन्हा आतल्या भिंतीला गेले. पण ती म्हणाली, टेबल कुठे आहे यावर आता फार अवलंबून नाही. कोणी पुन्हा फिरवले तरी फडके काळे दिसेल, आणि काळे दिसले की कोणीतरी बदलेल.

"नवतपा मोजायचा," ती चाचांना म्हणाली. "सूट नको. परवापासून नऊ दिवस."

"तूच म्हणून राह्यली?" चाचा म्हणाले.

"मीच म्हणून राह्यली."

चाचांनी पन्ह्याचा पेला संपवला. "इले इच्या आईची जिद्द आहे," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "मी पंचवीस वरसं हारूनच राह्यलो."

नवतपा लागला. वडिलांनी खाणीतल्या पाळीच्या नोंदवहीसारखी एक वही केली. सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, आवाज. आवाजाच्या रकान्यात पहिले तीन दिवस "सुरात" असे लिहिले आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि यूपीएसवर जेमतेम मशीन नीट बंद करता आली. हा दिवस धरायचा की नाही, यावर चाचा आणि वडील यांच्यात फोनवर वाद झाला. वडिलांचे म्हणणे, ड्युटी पूर्ण झाली नाही, धरू नये. चाचांचे म्हणणे, वीज गेली तर मशीनने काय करावे, धरावा. आपापल्या बाजूच्या विरोधात दोघे बोलत होते. शेवटी वडिलांचे झाले. नवतपा दहा दिवसांचा ठरला.

फडके आई रोज पाहायची. दुसऱ्या दिवशीच ते राखी झाले तेव्हा तिने ते काढले, धुतले, दुसरे लावले. कोणी सांगितले नव्हते.

सहाव्या दिवशी कार्यालयातली मशीन गेली. सीलबंद पेटी होती, कंपनीच्या माणसाशिवाय उघडायची नव्हती आणि कंपनीचा माणूस नागपूरला होता. त्याच दुपारी सिरोंचाकडे वादळाने घरांची छपरे उडवली आणि पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर झाड पडून वाहतूक थांबली. चिमूरहून एका सभेची बातमी यायची होती. अडीच वाजता ज्याने मला कंपनीची मशीन घ्यायला सांगितले होते तो सहकारी, दुसरे दोघे आणि कार्यालयातला स्कॅनर असे सगळे आमच्या मधल्या खोलीत होते.

वडील स्टीअरिंग धरून बसले होते. नोंदवहीत त्या दिवशी "२.३५, काम दुसऱ्या पाळीकडे दिले" असे आहे.

फोनची तार एकच होती. सिरोंचाच्या माणसाने फोनवर बातमी सांगायची, मी टाइप करायची, फोन ठेवायचा, मग त्याच तारेवर मोडेम लावून नागपूरला पाठवायची. पुन्हा तार काढायची, चिमूरचा फोन यायची वाट पाहायची. सहकारी घाम पुसत विचारत होता, "चालन ना? बंद तं नाई पडणार?" खोलीत सहा माणसे होती, कूलर त्यांनाच पुरत नव्हता. मशीन दुपारी अडीच ते रात्री साडेआठ अशी सलग चालली. आमच्या भागातली त्या दिवसाची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक फोटो आमच्या घरातून गेला. नागपूरहून वृत्तसंपादकांचा फोन आला. ते कौतुक करण्यासाठी प्रसिद्ध नव्हते. "सगळं वेळेत आलं. फोटो स्वच्छ आहेत," एवढे म्हणाले. सहकाऱ्याने ते वाक्य दोनदा उच्चारून पाहिले.

मग तो म्हणाला, "ऑफिसले अशाच घ्या म्हणून वर सांगतो. कोनाच्या हातची आहे?"

मी दुकान सांगितले.

वडील दारात उभे होते. "माझी ड्युटी बुडाली," ते म्हणाले. "पण भार चांगला ओढला."

दहाव्या दिवशी दुपारी चाचा आले. बाहेर झळा होत्या, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला. मुलगी मागे होती. आईने खुर्ची सरकवली आणि चाचांना कूलरसमोर बसवले. ती जागा आता रिकामी होती.

वडील शर्यत चालवत होते. चाचा थोडा वेळ हवा खात बसले. मग उठले आणि पेटीवर तळहात ठेवला. वरून, बाजूने, मागून, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे. समोरचे पांढरे फडके बोटाने उचलून पाहिले. वडिलांनी त्यांना नोंदवही दिली. चाचांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली. वीज गेली त्या दिवसाची नोंद दोनदा वाचली.

"एकदा मले चालवू द्या," ते म्हणाले.

त्यांनी पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली, मग कुंपणातून शेतात नेली आणि तिथेच गोल गोल फिरवत राहिले.

"अब्बा, रस्त्यावर आणा नं!" मुलगी म्हणाली. नवतपाच्या दहा दिवसांत तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"रस्ता कुठी आहे ते तं सांग!"

"झटका नाई ना लागत?" वडिलांनी विचारले. त्यांना तेवढेच महत्त्वाचे होते.

"नाई," चाचा म्हणाले. "लोण्यावानी चालते." त्यांनी स्टीअरिंग सोडले आणि परत कूलरसमोर जाऊन बसले. पाणी प्यायले.

कार्यालयाला चार मशीन घ्यायच्या आहेत आणि त्या चंद्रपुरातच घ्यायला नागपूरहून मान्यता आली आहे, हे मी त्यांना सांगायला सुरुवात केली. कामाचे स्वरूप, खोलीचा आकार, किती तास चालणार. चाचांनी हात वर केला.

"मले काऊन सांगता, पत्रकारभाऊ? तिले सांगा. आता ते काम तिचं आहे. मी फोन उचलन."

 मुलीने पर्समधून एक कागद काढला, तो टेबलाच्या कडेवर सरळ केला आणि माझ्याकडे पेन मागितले.

"सांगा, भाऊ. ठेवाल कुठी?"

मी कार्यालयाच्या खोलीचा चौकोन काढला. दार काढले, दोन खिडक्या काढल्या, रस्ता कोणत्या बाजूला ते लिहिले. मग भेटायला येणाऱ्यांची खुर्ची कुठे असते ते दाखवले, आणि त्या खुर्चीसमोर कूलर काढला.